डाव्या सीटवरचं प्लास्टिक

चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. वीस-एक वर्षं शाळेत गणित शिकवते आहे, त्यातली अकरा उज्जैनला. लाल पेन पर्समध्ये असतंच. लग्नपत्रिकेतली चूक, दुकानाच्या पाटीवरची चूक, शेजारच्या रांगोळीत कमी पडलेला एक ठिपका, काहीही मला गिळता येत नाही. नवरा म्हणतो, यम दारात आला तरी तू आधी त्याची वही तपासशील. तो रेल्वेत आहे, आठवड्यातले पाच दिवस रतलामला असतो, त्यामुळे त्याला असले विनोद सुचतात. ही खोड आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

मुलगी अठरा वर्षांची झाली, लायसन्स आलं आणि तिचं कॉलेज ठरलं देवास रोडला, शहरापासून चांगलं लांब. दुचाकीला मी साफ नाही म्हटलं. त्या रस्त्यावरचे ट्रक मी रोज बघते. मग चारचाकी. नवरा रतलामहून फोनवर म्हणाला, नवीच घेऊ. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! नवशिक्या हातात नवी कोरी गाडी दिली की पहिल्या ओरखड्याला घरात रडारड होते, हे मी दोन सहकाऱ्यांच्या घरी पाहिलं होतं. माझा राग कसा आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून मला जुनी हवी होती, चांगली पळालेली, आधीच दोन-चार ठिकाणी खरचटलेली.

"कमी चाललेली बघा मॅडम," असं जो तो सांगत होता. मीटरवरचा आकडा कमी म्हणजे गाडी चांगली, अशी लोकांची समजूत. आकड्यांशी माझं रोजचं आहे, आकडे किती सहज बदलता येतात ते मला कोणी सांगायला नको. इथल्या देवास गेटच्या मागे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना मी बरोबर घेतलं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला मंत्र दिला, "मीटर झूठ बोल सकता है, पैडल का रबर नहीं."

पहिली गाडी एका डॉक्टरांची म्हणून दाखवली. मीटरवर पस्तीस हजार, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. दुसरीत फिनाइलचा वास इतका, की मिस्त्रींनी न बोलता डिकीतलं जादाचं चाक उचललं. खाली वाळलेला गाळ होता, कुठल्यातरी पुरात बुडून आलेली. "दिसतं तसं नसतं," मी म्हटलं. मुलगी म्हणाली, "आई, तू गाडी घेते आहेस की पेपर तपासते आहेस?"

तिसरी दलालाच्या आवारात अगदी मागे, भिंतीला लागून उभी होती. छोटी, चंदेरी रंगाची. दलाल ती दाखवायलाच तयार नव्हता. "वो रहने दो मैडम, बहुत चली हुई है." मीटरवर एक लाख पंच्याऐंशी हजार. वय सात वर्षं, मालक एकच. सर्व्हिसचं पुस्तक मात्र एकही पान न चुकवता भरलेलं. माझं मन तिथेच गेलं. खरं बोलणारी गाडी, मी मनाशी म्हटलं.

पुस्तक घेऊन मी उन्हात उभी राहिले आणि सवयीनं हिशेब केला. पहिल्या वर्षी गाडी जेमतेम पाच हजार चालली होती. दुसऱ्या वर्षापासून मात्र दरवर्षी तीस हजार, थोडं इकडे-तिकडे. म्हणजे दिवसाला ब्याऐंशी किलोमीटर. रविवार, दिवाळी, होळी, सगळं धरून.

"देवास अप-डाउन करते थे नौकरी में," दलाल म्हणाला. देवासला जाऊन येऊन साधारण तेवढंच होतं. हायवेवर एका चालीत पळालेली गाडी शहरात रखडलेल्या गाडीपेक्षा बरी, हे मीही वाचलं होतं. दिवाळीच्या दिवशी कोण नोकरीला जातं, हा प्रश्न मनात आला आणि गेला. वर्गात एखाद्या मुलानं असा प्रश्न सोडून दिला असता तर मी त्याला उभं केलं असतं.

मिस्त्रींनी मात्र फार वेळ घेतला. बॉनेट उघडून लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून ऐकत राहिले. मग गाडी चालवून आणली, उतरले, हात पुसले.

"लेने जैसी है," ते म्हणाले. "पर मैडम, ये हाईवे की गाड़ी नहीं है. पाँचवाँ गियर तो मानो लगा ही नहीं. ब्रेक कम घिसे हैं, क्लच कम घिसा है. किसी ने इसको तीसरे में धीरे-धीरे चलाया है, बरसों." मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेचं हँडल फिरवून पाहिलं. ते इतकं ढिलं होतं की काच वर चढवली तरी हळूहळू घसरून अर्ध्यावर येऊन थांबायची. "दो लाख के पास चल ली," ते गाडीकडे बघत म्हणाले, "और लगता है, गई कहीं नहीं."

आणखी दोन गोष्टी मी वहीत टिपल्या. डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजावर एक लांब ओरखडा, कडेनं गंजलेला. बाकी गाडी जिवापाड जपलेली, हा एवढाच कधी दुरुस्त केला नव्हता. मला उलट बरं वाटलं, पहिला ओरखडा आपल्या वाट्याला येणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, ड्रायव्हरची सीट बसून बसून खड्ड्यासारखी झालेली आणि तिच्या शेजारच्या डाव्या सीटवर शोरूममधून येतं तसं प्लास्टिक. पिवळं पडलेलं, पण न फाटलेलं. त्यावर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं, एवढ्या लांबच्या चालीत या सीटवर कोणी बसलेलं नाही.

तरी घेतली. गाडी निवडायची माझी पद्धत बिनचूक होती आणि त्या पद्धतीनं तीच निघत होती.

सरावासाठी आम्ही रोज संध्याकाळी निघायचो. मुलगी स्टिअरिंगवर, मी डाव्या सीटवर. प्लास्टिक काढू या, असं ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, कव्हर येईपर्यंत सीट स्वच्छ राहील. खरं सांगायचं तर ते ओढून काढायला माझा हात होत नव्हता. बसलं की ते करकरायचं आणि मला उगीचच वाटायचं, आपण दुसऱ्याच्या जागेवर बसलोय. गाडी वेगात जायला कुरकुर करायची, पण तिसऱ्या गियरमध्ये अशी चालायची की मुलीनं पाय उचलला तरी पुढेच जात राहायची. आणि ती काच! निघताना पूर्ण वर चढवलेली, थोड्या वेळानं बघावं तर अर्ध्यावर. मिस्त्रींनी दोनदा घट्ट करून दिली. दोन दिवस राहायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्यावर. कोणीतरी बाहेर डोकवायला म्हणून उघडावी, बरोबर तेवढीच.

एका गुरुवारी शाळा लवकर सुटली म्हणून आम्ही दुपारीच बडनगर रोडला निघालो होतो. ऊन थेट डोळ्यांवर आलं म्हणून मी माझ्या बाजूची, उन्हासाठी वरून खाली ओढतात ती झडप ओढली. आतल्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर, एक स्वस्तिक. लाल, तळहाताएवढं, आणि उलटं.

हातानं काढलेलं नव्हतं, ठशानं उमटवलेलं होतं. चारी बाजू सारख्या, कोन काटकोनात. इतक्या नेटक्या हाताची इतकी ढोबळ चूक मी पाहिली नव्हती. मला हसू आलं आणि रागही आला. पोरीला रोज ज्या गाडीत बसायचं, त्यात डोळ्यांसमोर उलटं स्वस्तिक! मी काही देवदेव करणारी बाई नाही, पण अशुभ म्हणून जे लहानपणी नाशिकला मनात बसलं, ते बसलंच. घरी आल्या आल्या नेलपॉलिश काढायचं औषध आणि कापूस घेतला आणि ते घासून काढलं. मग लाल मार्कर घेऊन त्याच जागी, त्याच मापाचं, सरळ स्वस्तिक काढलं. पट्टी लावून. साडेचार-पावणेपाच झाले असतील. हात धुताना मला, चूक सुधारल्यावर वाटतं तसं, छान वाटलं.

आठवड्याभरात खालचा लाल वर आला. आधी गुलाबी, मग गडद. उलटं आणि सरळ, दोन्ही एकमेकांवर बसली की चारी बाजू मिटतात. चार खणांची एक बंद खिडकी तयार होते. मी ती झडप वर ढकलून दिली आणि ऊन डोळ्यांवर घेऊ लागले.

आमच्या शेजारच्या काकूंचं घराणं शिंदेशाहीपासून उज्जैनचं. मराठी बोलतात, पण इथल्या पाण्याची. एका सकाळी त्यांना भाजीला सोडायचं होतं, त्या पुढे बसल्या आणि ऊन आलं म्हणून त्यांनी झडप ओढली. बोलता बोलता थांबून त्यांनी त्या स्वस्तिकावर बोट ठेवलं.

"हा साथिया सीधा कोणी केला?" त्यांनी विचारलं.

"मी. उलटा काढला होता कोणीतरी."

"अहो, उलटाच काढतात! चिंतामण गणपतीच्या मागच्या भिंतीवर नाही का बघितलं कधी? मन्नत मागतात तेव्हा उलटा साथिया काढतात. मन्नत पूरी झाली की येऊन सीधा करतात. म्हणजे देवाला सांगायचं, झालं माझं काम."

अकरा वर्षांत मी ती भिंत पाहिली नव्हती, आणि हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. "आणि दुसऱ्याच कोणी सीधा केला तर?" मी विचारलं.

"दुसरा कशाला करेल?" त्या म्हणाल्या.

त्या दिवशी शाळेत मी फळ्यावर दोनदा चुकले. कोण्या अनोळखी माणसानं काहीतरी मागितलं होतं आणि ते मिळालं, असं मी परस्पर कळवून टाकलं होतं. त्याचं काय होतं? मी स्वतःला सांगत होते, काही होत नाही, रंग आहे तो. पण माझी मुलगी ज्या गाडीत बसते त्या गाडीवर दुसऱ्या कोणाचं तरी अर्धवट मागणं आहे, आणि मी त्यात लाल पेन खुपसलं आहे, हा विचार डोक्यातून जाईना. मला भीती वाटत होती. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

रविवारी आगर रोडला गेलो. संध्याकाळच होती, काच अर्ध्यावर आलेली. एका चहाच्या टपरीपुढे मुलीनं वेग कमी केला, तोच टपरीवाल्यानं हात वर केला. ओळखीच्या माणसाला करतात तसा. तिनं गोंधळून गाडी थांबवली. तो न विचारताच अर्धा ग्लास चहा घेऊन धावत आला, काचेच्या फटीतून सवयीनं हात आत घातला आणि मुलीचं तोंड बघून जागच्या जागी थबकला. त्याचा चेहरा एकदम उजळला. असा उजळला की मला काटा आला.

"मिल गई?" तो म्हणाला.

"क्या मिल गई, भैया?" मुलीनं विचारलं.

त्यानं वाकून पलीकडे मला पाहिलं, मग मागची रिकामी सीट पाहिली. "काकाजी नहीं आए?" मी सांगितलं की गाडी आम्ही विकत घेतली आहे. त्याचा चेहरा पुन्हा होता तसा झाला. आणखी काही विचारलं तर म्हणाला, "उन्हीं से पूछ लेना." चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

परत येताना माझी पाचावर धारण बसली होती. घरी पोचल्यावर मी जाहीर केलं, ही गाडी विकायची. मुलगी म्हणाली, "आई, आधी त्यांना सांगून तर येऊ. तूच म्हणतेस ना, चूक केली तर कबूल करायची." माझीच वाक्यं माझ्यावर फेकायला ती केव्हा शिकली, कळलं नाही. गाडीच्या कागदांवर पत्ता होता, भैरवगढचा. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो.

भैरवगढला ठशांनी कापड छापणाऱ्या छापेवाल्यांची वस्ती आहे. गल्लीत छापलेल्या चादरी वाळत होत्या आणि रंगाचा आंबूस वास होता. घरासमोर मुलीनं गाडी बंद करण्याआधीच दार उघडलं. आम्ही हॉर्न वाजवला नव्हता. एक साठीच्या बाई बाहेर आल्या, हात कणकेनं माखलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ड्रायव्हरच्या दाराकडे पाहिलं. दार उघडून माझी मुलगी उतरली, ओढणी सावरत, किल्ली हातात.

"आइगी?" बाईंनी विचारलं. माळवी बोलीत, अगदी हळू. आलीस?

आता ही म्हणणार, नाही आंटी, आम्ही अमुक कामाला. पण घरात शिरताना मला रोज सांगते, त्याच सुरात, विचार न करता ती म्हणाली, "हाँ, आ गई."

"देर कर दी," बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्यावर आली, गाडीच्या पुढच्या काचेवर, लायसन्स असूनही मी हट्टानं लावलेल्या लाल 'L'वर गेली, आणि त्यांना सगळं कळलं. गाडी विकल्याचं त्यांना ठाऊकच होतं, आवाजानं फसवलं होतं. त्या पायरीवर बसल्या आणि कणकेचे हात मांडीवर तसेच उताणे ठेवले. मी मुलीच्या दंडाला धरून दबक्या आवाजात म्हटलं, "तू हो का म्हणालीस?" ती म्हणाली, "त्यांनी विचारलं आली का. मी आले होते ना." तिला ओढून गाडीत कोंबावं आणि इथून पळावं, एवढंच मला वाटत होतं.

काका आतून आले. उंच, वाळके, जाड भिंगांचा चष्मा, बोटांची टोकं लालकाळी. मी आडवळणं घेतली नाहीत. त्यांना गाडीपाशी नेलं, झडप ओढून दाखवली आणि सांगितलं, हे मी केलं, माहीत नव्हतं म्हणून केलं. ते चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून त्या बंद खिडकीकडे बघत राहिले.

"रंग पक्का है," ते शेवटी म्हणाले. "वो तो ऊपर आएगा ही."

ओसरीवर त्यांनी सांगितलं ते थोडक्यात सांगते. त्यांना एकच मुलगी. गाडी नवी आली तेव्हा ती अठराची होती आणि हे तिला शिकवत होते. एकदा आत घेताना गाडी फाटकाला घासली, डाव्या बाजूचा मागचा दरवाजा. नवी गाडी होती. ते गल्लीत सगळ्यांसमोर तिला बोलले. किती बोलले, ते त्यांनी सांगितलं नाही. ती किल्ली इथे, या कोनाड्यात ठेवून चालत निघून गेली. कोणीतरी तिला देवास गेटच्या बसस्टँडवर पाहिलं. कुठल्या बसमध्ये बसली ते कोणालाच सांगता आलं नाही. पोलिसात दिलं, नातेवाइकांकडे पाहिलं, सगळं झालं. मग ते रोज दुपारचं काम उरकून गाडी काढू लागले. एक दिवस आगर रोड, एक दिवस मक्सी, एक दिवस देवास, बडनगर. तिसऱ्या गियरमध्ये, काच अर्धी खाली, रस्त्याकडेचे चेहरे बघत. एकेचाळीस जायचं, एकेचाळीस परत. "दिया-बत्ती तक लौटना पड़ता था. नहीं तो ये अकेली रह जाती," ते बायकोकडे बघत म्हणाले. सहा वर्षं. डाव्या सीटवरचं प्लास्टिक तिनं काढलं नव्हतं, म्हणून त्यांनीही काढलं नाही. त्या सीटवर कोणाला बसवलं नाही.

"आपने सीधा किया, वो किस दिन?" त्यांनी विचारलं.

मी तारीख सांगितली. गुरुवार, साडेचारनंतर.

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. बाई पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "उसी दिन फोन आया था. पाँच बजे होंगे. मैंने उठाया. कोई बोला नहीं. साँस सुनाई दे रही थी. मैंने कहा, बेटा. फिर कट गया." इतक्या वर्षांत असा फोन आला नव्हता, असं काका म्हणाले.

गणितात याला योगायोग म्हणतात आणि योगायोगावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. बिननावाचे फोन मलाही येतात. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि त्या ओसरीवर मला ते उच्चारता आलं नाही. मी म्हटलं, तुमची गाडी तुम्ही परत घ्या.

"नहीं, नहीं," काका घाईनं म्हणाले. "आँखें गईं मेरी, मैं क्या करूँगा. मैंने तो दलाल से बोला था, उज्जैन में ही देना, और उसको देना जो रोज चलाए. खड़ी रहेगी तो किसको दिखेगी? वो इस गाड़ी को दूर से पहचान लेगी." त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं. "बस, रंग मत बदलना बेटा. और वो दरवाजा ठीक मत कराना."

मुलगी म्हणाली, "नहीं कराऊँगी, काकाजी." मला विचारलं नाही.

निघताना मी विचारलं, ते स्वस्तिक पुन्हा उलटं करून देऊ का. त्यांनी थोडा विचार केला. कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेला एक लाकडी ठसा आणून दाखवला. कोरा, एकदाही रंग न लागलेला. सरळ साथिया उमटवायचा ठसा, त्याच दिवसासाठी कोरून ठेवलेला. "आपने पहले कर दिया," ते म्हणाले. "अब वैसे ही रहने दो." आणि पुन्हा गुंडाळून ठेवला.

कॉलेज सुरू झालं. मुलगी एकटी जाऊ लागली, त्याच गाडीनं. विकायचा विषय मी पुन्हा काढला नाही. काढला असता तर तिनं ऐकलं नसतं, आणि खरं म्हणजे माझीही हिंमत नव्हती. ती साडेपाचला येते. दुसऱ्याच आठवड्यात मला तिच्या गाडीचा आवाज माधव नगरच्या वळणापासून ओळखू येऊ लागला, आणि त्या बाई हॉर्नशिवाय दारात कशा आल्या ते कळलं.

मग एक दिवस साडेपाच झाले, पावणेसहा झाले, सव्वासहा झाले. फोन लागेना. मी फाटकाजवळ खुर्ची टाकून उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन बसले होते. कुठली तपासली, काय तपासलं, काही आठवत नाही. देवास रोड, ट्रक, बसस्टँड, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. देवाचं नाव घ्यायची मला सवय नाही, त्यामुळे काय म्हणायचं तेही सुचत नव्हतं.

साडेसहाला आवाज आला. तिसऱ्या गियरमधला. गाडी वळली, काच अर्ध्यावर, आत तिचा चेहरा. उतरली ती रडवेली. उजव्या बाजूच्या दोन्ही दारांवर लांब, ताजा ओरखडा होता, दुभाजकाला घासलेला. "मी केव्हाची आले होते, आई," ती म्हणाली. "वळणाच्या पलीकडेच गाडी लावून उभी होते. फोन बंद केला होता. तू ओरडशील म्हणून घरी यायची हिंमतच होत नव्हती. एकदा तर वाटलं, परत फिरून जावं."

मी ओरखड्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि जे बोलणार होते ते सगळं तिथेच विरून गेलं. "आलीस ना," मी म्हटलं. "जा, हातपाय धू."

ती आत गेली. उत्तरपत्रिका गोळा करायला खाली वाकले तेव्हा फाटकाच्या खांबाकडे लक्ष गेलं. पांढऱ्या चुन्यावर लाल पेनानं एक स्वस्तिक काढलेलं होतं. उलटं. रेषा वेड्यावाकड्या, पण हात माझाच. केव्हा काढलं, मला ठाऊक नाही.

मुलगी घरात होती, नळाचा आवाज येत होता. मागितलेलं मिळालं होतं, आता सरळ करायला हवं. मी पेनाचं टोपण काढलं, टोक खांबाला टेकवलं, आणि टोपण परत लावलं. उद्या सकाळी ती पुन्हा जाणार होती.